समुद्र म्हणजे फुकटची नर्सरी नाही

गेल्या आठवड्यात ओळखीच्या एका पोराने मोठ्या कौतुकाने फोटो पाठवला. दोन फुटी काचेची टाकी, निळा लाईट आणि मधोमध नारळाएवढा प्रवाळाचा गोळा. विचारलं, कुठून आणलास? उत्तर आलं, "सुकतीक गेलंय नि काढून हाडलंय, काका. फुकटात." पुढे हसरा चेहरा.

काल दुसरा फोटो आला. तोच गोळा, पांढराफटक. "काका, ह्यो पांढरो कित्याक झालो?"

मरतोय म्हणून, बाबा.

पोराचं नाव सांगणार नाही, कारण राग त्याच्यावर कमी आणि आपल्यावर जास्त आहे. समुद्रकाठी जन्म काढून प्रवाळ हा दगड नाही, झाड नाही, प्राणी आहे, एवढंसुद्धा आपण पोरांना सांगितलेलं नाही. त्या गोळ्यावर शेकडो बारीक जीव एकत्र राहतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ असतं. ते उजेडात अन्न तयार करतं, त्यावर प्रवाळ जगतं आणि रंगही बराचसा त्याचाच. पाणी तापलं, खारेपणा बिघडला, उजेड चुकला की ते शेवाळ निघून जातं आणि मागे पांढरा सांगाडा दिसू लागतो. असे गोळे वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. नारळाएवढा व्हायला किती वर्षं लागली असतील ते तुम्हीच मोजा. पोराने तो आठवड्यात संपवला.

आता कायदा. प्रवाळखडक घडवणारी कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि समुद्रपंखे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. शिक्षा 3 ते 7 वर्षं कैद आणि वर दंड. जिवंत काढलं तरी गुन्हा, वाळवून शोकेसमध्ये ठेवायला विकलं तरी गुन्हा. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 सालचं आहे. तिथून तर परवानगीशिवाय काहीच उचलायचं नाही. वाघाची कातडी दिवाणखान्यात लावायला आपण घाबरतो. समुद्रपंखा मात्र "कोकणची आठवण" म्हणून टीव्हीच्या बाजूला ठेवतो.

"म्हणजे तुमचा छंदालाच विरोध!" असं म्हणणारे येतील, म्हणून आधीच सांगतो. माझ्याकडे चार वर्षं टाकी आहे, त्यात प्रवाळं आहेत आणि ती वाढतायत. समुद्रातून एकही आणलेलं नाही. सुरुवात झाली एका छंदिष्टाच्या टाकीत वाढलेल्या मश्रूम कोरलच्या एका तुकड्यापासून. बांगडीएवढा. आज त्याचे बारा झालेत.

पद्धत गुपित नाही. नवशिक्याने मऊ प्रवाळांपासून सुरू करावं : मश्रूम, झोअँथस, लेदर कोरल. आधी टाकी नुसत्या पाण्यावर आणि दगडांवर चार ते सहा आठवडे चालवायची, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू तयार होतात. तापमान 25 अंशांच्या आसपास, खारेपणा हजारी 35. पाणी उडून गेलं की भर गोड्या, गाळलेल्या पाण्याची घालायची, खाऱ्या नाही, कारण मीठ उडत नाही. जेटीवरचं पाणी बादलीने आणू नका. त्यात डिझेल असतं, आणि पावसाळ्यात ते अर्धं गोडं झालेलं असतं. आपल्याकडे जूनमध्ये लाईट गेली की कधी येईल ते देवालाच माहीत, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप पाहिजेच.

मश्रूम मोठं झालं की धारदार ब्लेडने मधोमध तोंडातून दोन तुकडे करायचे. ते बारीक दगडांच्या वाटीत ठेवायचे, तिथे पाण्याचा जोर नको. आठवडा-दोन आठवड्यांत तुकडा दगडाला धरतो, पुढे पूर्ण प्रवाळ होतो. लेदर कोरलची फांदीही अशीच कापून दगडावर बांधता येते. झोअँथसला मात्र सांभाळून. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असू शकतं. हातमोजे आणि चष्मा घालूनच कापायचं, आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळायचा नाही. वाफेनेही माणूस आजारी पडतो.

मग माझा मुद्दा काय? एका तुकड्याचे बारा घरात होत असतील, तर समुद्रात पहार घेऊन जायची गरज कोणाला आहे? गरज आहे ती फुकट्याला, आणि "वाइल्ड पीस, लगेच मिळेल" म्हणून मोबाईलवर फोटो फिरवणाऱ्या विक्रेत्याला. तो विकतो कारण आपण कुठून आणलं हे विचारत नाही, फक्त कितीला हे विचारतो.

दुसरा ठरलेला प्रश्न : "ट्रॉलर, बोटींचे नांगर, प्रवाळावर उभे राहणारे पर्यटक, त्यांना बोला की!" बोलतो. याच भिंतीवर लिहिलंय आणि त्यापायी शिव्याही खाल्ल्यात. पण शेजारच्याने घर लुटलं म्हणून आपण खिडकी काढून न्यायची का?

आणि "आम्ही टाकीत वाढवून समुद्रात सोडू, तेवढंच संवर्धन" हे तर बोलूच नका. टाकीतल्या जाती बहुतेक बाहेरच्या असतात. सोबत कुठले रोग आणि किडे येतील सांगता येत नाही. टाकी हा छंद आहे. त्याला समाजसेवेचं लेबल लावू नका.

मागण्या तीनच. दुकानदाराने प्रवाळ कुठून आलं ते बिलावर लिहून द्यावं, आणि नसेल तर आपण घेऊ नये. वनखात्याने कोणतं प्रवाळ पाळता येतं आणि कोणतं नाही, याची चित्रांसकट मराठी यादी जेटीवर आणि शाळांत लावावी. आणि शाळांनी पोरांना वर्षातून एकदा सुकतीला किनाऱ्यावर न्यावं. हात मागे बांधून, फक्त बघायला.

त्या पोराला मी काल घरी बोलावलंय. गोळा वाचणार नाही. पण टाकी तो सहा आठवडे नीट चालवणार असेल, तर माझ्याकडचा मश्रूमचा तुकडा त्याला देणार आहे. तुमच्यापैकी कोणाला हवा असेल तर खाली लिहा. पैसे नकोत. अट एकच : तुमच्याकडे दोनाचे चार झाले की त्यातला एक पुढच्याला द्यायचा.