जागा जाते ती बेफिकिरीने नव्हे



हाती आलेला प्रवेश गमावणारी मुले बेफिकीर असतात, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला मुळीच पटले नाही. २०२४ साली मुजफ्फरनगर जिल्ह्यातील एका मजुराच्या मुलाला धनबादची आयआयटी मिळाली. शुल्काचे १७,५०० रुपये जमवता जमवता २४ जूनची संध्याकाळी पाचची वेळ टळली आणि जागा गेली. ती परत मिळाली ३० सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयाकडून. याला बेफिकिरी म्हणायचे?

सगळ्यांना न्यायालय गाठता येत नाही. दिल्ली विद्यापीठात मिळालेली जागा मुदतीत स्वीकारली नाही तर तो नकार धरतात, पुढच्या फेऱ्याही बंद होतात. स्वीकारल्यावर कागदपत्रांची तपासणी आणि शुल्क उरतेच. महाराष्ट्रातून येणारी ओबीसी मुले नेमकी तपासणीत अडतात. राज्यातल्या प्रवेशासाठी काढलेले नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र इथे चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातले, चालू आर्थिक वर्षाचे लागते. शिवाय जात केंद्राच्या यादीत हवी. हे गावाकडच्या पालकांना सांगतो कोण? कनिष्ठ महाविद्यालयांनी बारावीची परीक्षा संपताच सांगावे आणि पालकांनी एप्रिलमध्येच या प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा, ही कळकळीची विनंती.

– एक मराठी पालक, नोएडा