पक्ष काढायचा, पण कशासाठी?



येत्या जिल्हा बैठकीपुढे एकच मोठा विषय आहे. संघटनेने स्वतःचा राजकीय पक्ष नोंदवावा की नाही? करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत तालुक्यांच्या बैठकांत हा विषय निघाला आणि काही ठिकाणी आवाजही चढले. एक बाजू म्हणते, उसाच्या बिलासाठी आणि उजनीच्या पाण्यासाठी किती दिवस रस्त्यावर बसायचे, आता सभागृहात बसू. दुसरी बाजू म्हणते, पक्ष झाला की संघटना संपली. दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. म्हणून हात वर करण्याआधी कायदा काय देतो आणि काय देत नाही, ते समजून घेऊ.

लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम २९अ हे १९८९ पासून लागू आहे. पक्ष स्थापन झाल्यापासून ३० दिवसांच्या आत दिल्लीच्या निवडणूक आयोगाकडे अर्ज करावा लागतो. सोबत पक्षाची घटना, १० हजार रुपये शुल्क आणि मतदार यादीत नाव असलेल्या किमान १०० सदस्यांची प्रतिज्ञापत्रे लागतात. वर्तमानपत्रांतून जाहीर सूचना देऊन हरकती मागवाव्या लागतात. नोंदणी झाल्यापासून पाच वर्षांच्या आत निवडणूक लढवू, असे घटनेतच लिहून द्यावे लागते. दरसाल तपासलेले हिशेब द्यावे लागतात. म्हणजे खर्च फार नाही, पण कागद चोख लागतात.

यातून मिळते काय? मतदान यंत्रावर आपला उमेदवार अपक्षांच्या वर येतो. मोकळ्या चिन्हांच्या वाटपात त्याला अपक्षाआधी पसंती मिळते. आणि अटी पुऱ्या केल्या तर सर्व उमेदवारांना एकच चिन्ह मिळू शकते. मिळत नाही ते असे: कायमचे राखीव चिन्ह मिळत नाही. अर्जावर दहा सूचक आणावेच लागतात, मान्यताप्राप्त पक्षाला एकच पुरतो. विधानसभेची १० हजारांची आणि लोकसभेची २५ हजारांची अनामत तेवढीच राहते. राज्य पक्ष म्हणून मान्यता हवी तर विधानसभेत ६ टक्के मते आणि दोन आमदार, किंवा त्या तोडीची कामगिरी लागते. नोंदणी म्हणजे जमिनीचा सातबारा नावावर होणे. सातबारा झाला म्हणून पीक येत नाही, पण सातबाराशिवाय पेरलेले दुसऱ्याच्या खळ्यावर जाते.

चिन्हाला एवढे महत्त्व कशाला, असे कोणी विचारील. आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण पाहा. २०२४ च्या लोकसभेत माढ्यात 'तुतारी वाजवणारा माणूस' हे एका मोठ्या पक्षाचे चिन्ह होते आणि पिपाणी एका अपक्षाकडे होती. त्या अपक्षाला ५० हजारांवर मते पडली. साताऱ्यात तर पिपाणीची मते जय-पराजयाच्या फरकापेक्षा जास्त निघाली. मोठ्या पक्षाची ही गत, तर तालुक्यागणिक वेगळे चिन्ह घेऊन उभ्या राहणाऱ्या आपल्या माणसाचे काय होईल?

पंजाबचाही अनुभव ताजा आहे. दिल्लीच्या वेशीवर वर्षभर बसून तीन कायदे मागे घ्यायला लावणाऱ्या शेतकरी संघटनांपैकी २२ संघटनांनी डिसेंबर २०२१ मध्ये संयुक्त समाज मोर्चा काढला. निवडणूक फेब्रुवारी २०२२ मध्ये होती. नोंदणी वेळेत झाली नाही, उमेदवारांना अपक्ष म्हणून उभे राहावे लागले आणि एकही निवडून आला नाही. सगळा दोष नोंदणीचा नव्हता. पण निवडणूक दारात आल्यावर पक्षाचे कागद गोळा करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

काही मित्र म्हणतात, आपला पक्ष कशाला, दुसऱ्याचे तिकीट घेऊ. तोही प्रयोग झालेला आहे. १९९० मध्ये शेतकरी संघटनेचे काही कार्यकर्ते जनता दलाच्या चिन्हावर आमदार झाले. पण दुसऱ्याच्या चिन्हावर निवडून येणाऱ्यावर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने त्या पक्षाचा व्हिप चालतो. कापसाच्या आणि उसाच्या प्रश्नावर पक्षाने एक सांगितले आणि शेताने दुसरे, तर आमदाराने ऐकायचे कोणाचे? पुढे १९९४ मध्ये शरद जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. २००४ मध्ये विधानसभेत त्याचा एकच आमदार निवडून आला. आंदोलनाला लाखोंनी येणारा शेतकरी मत देताना जात, भावकी आणि कारखाना पाहतो, हे तेव्हा दिसले. पक्ष काढल्याने हे आपोआप बदलत नाही.

उलट उदाहरण सांगोल्याचे आहे. १९४७ साली निघालेल्या शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख १९६२ मध्ये प्रथम निवडून आले आणि एकूण अकरा वेळा आमदार झाले. राज्यात पक्ष आटत गेला, पण सांगोल्यात टिकला. २०१९ मध्ये ती जागा ७६८ मतांनी गेली आणि २०२४ मध्ये परत आली. हे यश नुसत्या चिन्हाचे नाही. दुष्काळी तालुक्यात पाण्यासाठी पिढ्यानपिढ्या केलेल्या कामाचे आहे.

तिसरे उदाहरण स्वाभिमानीचे. २०१४ मध्ये माढ्यात सदाभाऊ खोत सुमारे २५ हजार मतांनी पडले. मोहित्यांच्या घरच्या मैदानावर ही लहान गोष्ट नव्हती. पण २०१६ मध्ये मंत्रिपद आले आणि २०१७ मध्ये संघटना फुटली, दोन झेंडे झाले. दोष कोणाचा, हा वाद आम्ही येथे उकरत नाही. सत्तेची खुर्ची आली तर तिच्यावर कोणी, किती दिवस आणि कोणाला विचारून बसायचे, हे आधी ठरले पाहिजे, एवढाच धडा आम्ही घेतो.

आता हिशेबाची एक गोष्ट. विधानसभेला एक चिन्ह हवे तर राज्यातल्या किमान ५ टक्के जागा लढवाव्या लागतात. २८८ चे ५ टक्के म्हणजे १५ उमेदवार. सोलापूर जिल्ह्यात, शहर धरून, जागा आहेत ११. सगळ्या लढवल्या तरी चार कमी पडतात! म्हणजे धाराशिव, सांगली, लातूरच्या शेतकरी भावांना सोबत घेतल्याशिवाय हे काम होणार नाही. एकट्या जिल्ह्याच्या नेत्याची हौस म्हणून पक्ष काढायचा असेल तर त्याने आताच थांबावे.

आणि नुसती पाटी लावूनही भागत नाही. २०१९ पासून एकही निवडणूक न लढवलेले ३३४ पक्ष आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये यादीतून काढले आणि सप्टेंबरमध्ये आणखी ४७४. देणग्यांसाठी आणि तिकिटे विकण्यासाठी कितीतरी पक्षांची दुकाने निघाली होती. आपले नाव त्या रांगेत लागता कामा नये.

नोंदणीच्या वेळी समाजवादाला निष्ठा असल्याचे लिहून द्यावे लागते, यावरही काहींचा आक्षेप आहे. शरद जोशींनी ही सक्ती काढावी म्हणून राज्यसभेत खासगी विधेयक मांडले होते. ती अट आजही कायद्यात आहे. तिच्याशी भांडायचे तर आत जाऊन भांडावे, असे आम्हाला वाटते.

आमचे मत स्पष्ट आहे. पक्ष नोंदवावा, पण चार अटींवर. पहिली, अकरा तालुक्यांतून प्रत्येकी दहा सदस्यांची प्रतिज्ञापत्रे घ्यावीत, म्हणजे ११० होतील आणि पक्ष कोणा एका गावाचा राहणार नाही. त्यांत मायबहिणींची नावे नुसती भरतीला नकोत. दुसरी, संघटनेचा पदाधिकारी पक्षाचा पदाधिकारी नसावा. उद्या पक्ष हरला तरी १४ दिवसांत उसाचे पैसे न देणाऱ्या कारखान्यासमोर बसायला संघटना शाबूत हवी. तिसरी, दोन हंगाम आंदोलनात न दिसलेल्या माणसाला उमेदवारी देऊ नये, मग तो कितीही पैसेवाला असो. चौथी, पक्षाचा जमाखर्च दर जिल्हा बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा.

या चार अटी मान्य नसतील तर पक्षाचा विषय बंद करावा आणि ऊस, कांदा, पाणी याच कामाला लागावे. त्यात कमीपणा काही नाही. मान्य असतील तर वेळ घालवू नये. बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने आपल्या दहा नावांची यादी आणावी, सोबत मतदार ओळखपत्राच्या प्रती आणाव्यात. यादी न आणता नुसते भाषण करणाऱ्याला अध्यक्षांनी दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नये, अशी आमची विनंती आहे.