परिचारिकेचा गौरव आणि तिचा अधिकार

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, १२ मे रोजी, ठिकठिकाणी परिचारिकांचे सत्कार होतात. सत्काराला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. त्याला खर्चही फारसा येत नाही. प्रश्न आहे तो तिला अधिकार देण्याचा.

सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांचेच उदाहरण घ्यावे. दीर्घ लढ्यानंतर कुंभारी येथे कॉ. गोदूताई परुळेकर यांच्या नावाने १०,००० घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ साली ती त्यांच्या हाती आली; जानेवारी २०२४ मध्ये रे नगरातील १५,००० घरांचा ताबा मिळाला. छप्पर मिळाले, पण मजुरी अद्याप हजार विड्यांच्या हिशेबानेच मिळते. तंबाखूच्या धुळीने जडलेला खोकला, वाकून बसल्याने धरलेली कंबर, वाढलेला रक्तदाब यांसाठी ती सिव्हिल हॉस्पिटलात गेली, की बसभाडे, केसपेपर आणि रांग यांत दिवस सरतो. त्या दिवशी विडी वळली जात नाही, म्हणजे मजुरीही नाही. मोफत उपचाराची ही किंमत कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

यातील बहुतेक तक्रारींसाठी दर खेपेस तज्ज्ञ डॉक्टर लागत नाही. घराजवळची, रोगी तपासून ठराविक औषधे देऊ शकणारी आणि धोका दिसताच रोग्याला पुढे पाठविणारी सुशिक्षित परिचारिका लागते. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाने असे शिक्षण १९६५ सालीच सुरू केले. इतके दूर जाण्याचीही गरज नाही. करमाळ्याच्या शेजारी जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून निरक्षर ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. त्या स्त्रियांना जे जमले ते पदवीधर परिचारिकेस जमणार नाही, असे कोण म्हणेल?

सरकारला हे पटलेले दिसते, परंतु अर्धवट. २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. त्यांत परिचारिका आहेत. मात्र काम कायमचे आणि नेमणूक कंत्राटी. वेतनाचा एक भाग तर कामगिरीच्या मोजमापावर अवलंबून. विडीच्या हजारीचाच हा सरकारी अवतार! राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या (२०१९) कलम ३२ ने प्राथमिक उपचारांपुरता मर्यादित परवाना देऊ केला, पण त्यात परिचारिकेचे नाव नाही.

गरिबांच्या वाट्याला दुय्यम उपचार येतील, हा डॉक्टरांच्या संघटनांचा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. परंतु ज्या वस्तीत आज औषधाचा दुकानदारच रोगाचे निदान करतो, तेथे तुलना त्या दुकानदाराशी व्हावयास हवी. डॉक्टरांची देखरेख आणि अधिकाराच्या स्पष्ट मर्यादा कायद्याने ठरवाव्यात, हे रास्तच आहे.

तेव्हा परिचारिकेला नावानिशी परवाना, कायम नेमणूक व पूर्ण वेतन मिळाले पाहिजे. महापालिका आणि जिल्हा परिषद यांनी कामगार वस्त्यांतील दवाखाने सायंकाळी, कारखान्यात विड्या पोचवून स्त्रिया घरी परतल्यानंतर, उघडे ठेवावेत.