एक खोली, चार इयत्ता

खेड्यातल्या एका खोलीच्या शाळेचा विषय निघाला, की बोलणाऱ्यांचे दोन पक्ष पडतात. एक पक्ष जुन्या आठवणींत रमून जातो. दुसरा नाक मुरडून म्हणतो, अशा शाळा बंद केलेल्याच बऱ्या. मी अशाच एका शाळेत चार वर्षे शिकले आहे आणि मला हे दोन्ही पक्ष अपुरे वाटतात.

समुद्रपूर तालुक्यातील आमच्या गावची शाळा म्हणजे टिनाच्या छपराची एक खोली, पुढे पडवी आणि आवारात एक कडुलिंब. पटावर १९ मुले. समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन फळे. पहिली-दुसरीची तोंडे एका फळ्याकडे, तिसरी-चौथीची दुसऱ्याकडे. मधे पाठीला पाठ. शिक्षक एकच. आम्ही त्यांना सर म्हणत असू, गावातली म्हातारी माणसे मात्र गुरुजीच म्हणत. सर तिसरीला भागाकार समजावू लागले, की आम्हा दुसरीच्या मुलांची पेन्सिल थांबे आणि कान तिकडे लागत. पुढच्या वर्षी भागाकार आमच्या वाट्याला आला, तेव्हा तो ओळखीचा निघाला. चौथीत असताना पहिलीच्या दोन मुलींना बाराखडी शिकवण्याचे काम माझ्याकडे होते. ऱ्हस्व-दीर्घ मला खरे कळले ते त्यांच्या प्रश्नांमुळे.

ही झाली एक बाजू. दुसरी अशी, की सरांना कधी तालुक्याला सभेचे बोलावणे येई, कधी मतदारयाद्यांचे काम असे, तर कधी खिचडीचा हिशेब लिहायचा असे. त्या दिवशी शाळा चौथीच्या मुलांच्या हाती. आम्ही थोडा वेळ पाढे म्हणत असू आणि मग कडुलिंबाखाली खेळत असू. जे पोर वाचनात मागे पडले होते, ते त्या दिवसांत आणखी मागे पडे. त्याकडे बघायला कोणी नव्हते.

पण हा दोष त्या खोलीचा, की एका माणसावर टाकलेल्या चार माणसांच्या कामाचा? १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आलेल्या खडू-फळा योजनेने प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक देण्याचे ठरवले होते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत. पहिली ते पाचवीच्या पाच इयत्तांना दोन शिक्षक, म्हणजे एका शिक्षकाने एका वेळी दोन-तीन इयत्ता शिकवणे हे कायद्यानेच गृहीत धरले आहे. ही अडचणीतली तात्पुरती सोय नव्हे. लहान गावातील शाळेची ती नेहमीची रीत आहे. असे असेल, तर त्या रीतीचे शिक्षण भावी शिक्षकांना मन लावून द्यायला नको का? आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी मुलांसाठी पाठांची कार्डे तयार केली. प्रत्येक मूल आपल्या गतीने एकेक पायरी चढते आणि इयत्तांच्या भिंती आपोआप गळतात. आमच्या खोलीत जे योगायोगाने घडे, ते तिथे विचारपूर्वक घडवले गेले.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले. त्यामागचा विचार अगदीच टाकाऊ नाही. पाच-सहा मुलांच्या शाळेत कबड्डीचा संघ होत नाही, ग्रंथालय उभे राहत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण अंतर नकाशावर मोजायचे नसते. माझ्या वर्गातली एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत येई आणि दाराशी बसे. कापूस वेचणीच्या दिवसांत आई वावरात गेली, की भाऊ तिच्याच गळ्यात. शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर होती, म्हणून ती चौथी उत्तीर्ण झाली. पाचवीची शाळा चार किलोमीटरवर आणि वाटेत पावसाळ्यात भरून वाहणारा नाला. मला मामाच्या गावी ठेवले, म्हणून मी आज या महाविद्यालयात आहे. तिची शाळा तिथेच सुटली. गाडी देऊ, असे सांगितले जाते. पण गाडी न आलेल्या दिवशी सर्वांत आधी घरी राहते ती मुलगीच.

आपल्या जिल्ह्याला तर हा विचार परका असू नये. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. मातृभाषेतून, हाताच्या कामातून आणि सात वर्षे मोफत व सक्तीचे शिक्षण हा विचार तिथे मांडला गेला आणि त्याचा आराखडा डॉ. झाकीर हुसेन समितीने केला. पुढे आशादेवी आणि आर्यनायकम् यांनी सेवाग्रामला नई तालीमचे काम उभे केले. त्या सगळ्या विचाराचा गाभा एवढाच, की शाळा गावाच्या जीवनापासून तुटता कामा नये. गावातली शाळा उचलून दुसरीकडे नेली, तर हा धागाच तुटतो.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. शाळा गावातच राहू द्यावी. तिला कायद्याने सांगितलेला दुसरा शिक्षक मिळावा आणि दोघांनाही शिकवण्याशिवाय दुसरे काम असू नये. खेळ, पुस्तके आणि प्रयोग यांसाठी शेजारच्या चार-पाच शाळांनी आठवड्यातून एक दिवस एकत्र यावे. मोठ्यांनी गाडीत बसून त्या मुलांपर्यंत जावे. सहा वर्षांच्या पोराला रोज पहाटे गाडीत बसवू नये.

आपल्यापैकी कित्येकजण उद्या शिक्षक होतील. तेव्हा नेमणुकीच्या आदेशावर अशाच एखाद्या गावाचे नाव असेल. ते वाचून आपण बदलीचा अर्ज लिहायला बसतो, की दोन फळ्यांच्या मधे उभे राहायची तयारी करतो, यावर त्या शाळेचे भवितव्य सरकारी निर्णयाइतकेच अवलंबून राहणार आहे.