पॅनेल आपले, सेल कुणाचा?

परदेशी सौर पॅनेलवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के सीमाशुल्क १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ दर कमी केले, पण अधिभार लावून एकूण बोजा जवळपास तेवढाच ठेवला. या आडोशाला देशी उद्योग वाढला, हे मान्य करायलाच हवे. २०१४ मध्ये अडीच गिगावॉटच्याही आत असलेली पॅनेलनिर्मितीची वार्षिक क्षमता २०२५ मध्ये १०० गिगावॉटवर गेली.

पण पॅनेल जोडणे हा या साखळीतला शेवटचा आणि सर्वांत सोपा टप्पा. त्याआधी शुद्ध पॉलिसिलिकॉन, त्याच्या पातळ चकत्या म्हणजे वेफर आणि मग सेल. सेलची आपली क्षमता पॅनेलच्या तुलनेत बरीच तोकडी, वेफर नाममात्र आणि पॉलिसिलिकॉन जवळपास नाहीच. या प्रत्येक टप्प्यावर जगातील ८० टक्क्यांहून अधिक क्षमता चीनच्या हाती आहे. उद्या बीजिंगने हात आखडता घेतला, तर आपले कारखाने कशाची जोडणी करणार?

याआधी २०१८ मध्ये चीन व मलेशियाच्या सौर मालावर २५ टक्के संरक्षक शुल्क लावले, तेही उतरत्या दराने दोनच वर्षांसाठी. एवढ्या मुदतीच्या भरवशावर सेलच्या कारखान्यात कोण पैसा गुंतवणार? आता १ जून २०२६ पासून पॅनेलप्रमाणे सेललाही सरकारने मंजूर केलेल्या उत्पादकांच्या यादीची अट लावण्याचे केंद्राने ठरवले आहे. दिशा योग्य आहे. मात्र पुरेसे देशी सेल बाजारात नसतील, तर भाव चढतील. सूर्यघर योजनेतील अनुदानित छतांवरील सौर संचांना आणि कुसुम योजनेच्या सौर कृषिपंपांना देशी सेलचे महागडे पॅनेल आजही बंधनकारक आहे. म्हणजे या संरक्षणाची किंमत सरकारी तिजोरी मोजते आणि पंपाच्या किमतीतला आपला दहा टक्के हिस्सा भरणारा महाराष्ट्रातला शेतकरीही.

निर्यातीच्या आधारावरही फार विसंबता येणार नाही. आपले निर्यातीचे पॅनेल बहुतांशी अमेरिकेत जातात आणि त्याच अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले.

म्हणून पॅनेलवरील शुल्क दरवर्षी किती उतरेल, याचे वेळापत्रक केंद्राने आजच जाहीर करावे. उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेच्या २४ हजार कोटी रुपयांचा ओघ पॉलिसिलिकॉन व वेफरकडे वळवावा आणि त्या कारखान्यांना स्वस्त, अखंड वीज द्यावी. ज्यांनी फक्त जोडणीच करायची ठरवली आहे, त्यांना कायमचे संरक्षण देण्याचे कारण नाही.