ब्लॉक पाहावा काढून

‘ब्लॉक’ या शब्दाने मराठी माणसाच्या घरात आजवर तीनदा बिऱ्हाड केले आहे. पहिल्यांदा तो छापखान्याच्या दाराने आला. जस्ताच्या पत्र्यावर चित्र उठवून तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकीत आणि खिळ्यांच्या शेजारी बसवीत, त्याला ब्लॉक म्हणत. दुसऱ्यांदा तो मुंबईच्या दाराने आला. गिरगावातली दीड खोली सोडून ज्याने पार्ल्याला स्वतंत्र न्हाणीघराचा ब्लॉक घेतला, त्याच्याकडे नातेवाईक जरा निराळ्याच नजरेने पाहू लागत. आणि तिसऱ्यांदा तो संगणकातून आला.

त्याचे असे झाले. वर्डप्रेस नावाची एक फुकट मिळणारी आज्ञावली २००३ सालापासून आहे. जगातल्या दर दहा संकेतस्थळांपैकी चारांहून अधिक आज तिच्यावर चालतात. पूर्वी तिच्यात लिहायचे म्हणजे टाइपरायटरवर एक लांबच लांब कागद चढवावा तसे असे. ६ डिसेंबर २०१८ रोजी तिने नवा एडिटर आणला आणि पानाचे तुकडे केले. परिच्छेद हा एक ब्लॉक, चित्र हा दुसरा, तक्ता हा तिसरा. हवा तो उचलावा, हवा तिथे बसवावा. या एडिटरचे नाव ठेवले गुटेनबर्ग, माइन्झच्या त्या खिळेवाल्या कारागिराच्या स्मरणार्थ. म्हणजे शब्द फिरून पुन्हा छापखान्यातच आला म्हणायचा! गुटेनबर्गची विद्या आपल्याकडे गोव्यात पोचायला १५५६ साल उजाडावे लागले, म्हणजे शंभरेक वर्षे गेली. हे नवे ब्लॉक मात्र निघाले त्याच दिवशी रत्नागिरीत हजर.

आता वर्डप्रेसचे स्वतःचे ब्लॉक असतातच. पण बाहेरचे कारागीरही जादा ब्लॉक तयार करून देतात. त्या गाठोड्याला प्लगइन म्हणायचे. गाठोडी हजारोंनी आहेत, बहुतेक फुकट आहेत, आणि प्रत्येकाच्या दारावर चांदण्या टांगलेल्या आहेत. तेव्हा कोणते घ्यावे हा प्रश्न आलाच.

माझ्यापुढे तो आला भाचीमुळे. तिचे सासर रत्नागिरीचे, घरची हापूसची कलमे. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांसाठी तिने संकेतस्थळ चालवले आहे. त्यावर पेट्यांचे भाव आहेत, मागणीचा अर्ज आहे. पण मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते ते तिच्या सासऱ्यांची, अण्णांची, बागेची वही. मोहोर कधी आला, धुके किती दिवस राहिले, तुडतुडे केव्हा पडले, अवकाळी पावसाने काय नेले, पहिली पेटी कोणत्या तारखेला बांधली, हे अण्णांनी तीस वर्षे लिहून ठेवले आहे. मूळ वहीची बरीच पाने कोकणच्या पावसाने आणि कसरीने खाल्ली. अण्णांना आता बारीक अक्षर दिसत नाही. भाची रात्री जेवणे उरकल्यावर उरलेली पाने वाचून थेट संकेतस्थळावर उतरवते. तेव्हा ही शोभेची गोष्ट नव्हे. उद्या ते पान गेले तर वहीच गेली.

नवरात्रात तिचा फोन आला. “मामा, एक नवीन प्लगइन आलंय. त्यात कालपट्टीचा ब्लॉक आहे. अण्णांची वही सालवार अशी सुंदर दिसेल! तू जरा बघून सांगशील?”

मी पाहिले. पाहण्याची माझी एक रीत आहे. ती कोणी शिकवलेली नाही, भाडेकरू ठेवण्याच्या अनुभवातून आलेली आहे.

आधी दारावरची पाटी वाचावी. प्लगइनच्या पानावर ते सध्या किती ठिकाणी चालू आहे, शेवटचे केव्हा सुधारले, वर्डप्रेसच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत पारखले, आणि गेल्या दोन महिन्यांतल्या किती तक्रारी निवारल्या, हे सारे लिहिलेले असते. हे प्लगइन नवे, म्हणून आकडा लहान. त्याला मी दोष दिला नाही. प्रत्येकाला पहिले गिऱ्हाईक कोणी तरी व्हावेच लागते. पाच चांदण्यांचे अभिप्राय मी वाचत नाही. लग्नातल्या जेवणाची पंक्तीत बसून कोण निंदा करतो? एका चांदणीचे मात्र वाचतो, आणि कर्त्याने त्याला काय उत्तर दिले ते त्याहून बारकाईने वाचतो. येथे उत्तरे सभ्य होती, वेळेवर होती.

मग संकेतस्थळाची एक नक्कल करून तिच्यावर ते बसवले. चालू दुकानात असले प्रयोग करू नयेत, गिऱ्हाईक दारात उभे असते. बसवताच आम्हांला हवा होता तो एक ब्लॉक आला आणि त्याच्या मागोमाग आणखी वीसेक आले. एका माणसाला जागा द्यावी आणि त्याने मेहुण्यासकट दारात उभे राहावे, तसे. त्यातला एक उघडझाप करणारा होता, वर टिचकी मारली की खालचा मजकूर दिसतो. त्याची ऐट मोठी; पण ऑगस्ट २०२३ मध्ये निघालेल्या ६.३ आवृत्तीपासून वर्डप्रेसच्या घरातच तसा ब्लॉक आहे. घरात पाटा असताना शेजारणीचा कशाला मागायचा?

नंतर मराठी. ही परीक्षा परदेशी कर्त्यांच्या ध्यानीमनीही नसते. मथळा ऐटबाज दिसावा म्हणून त्याने अक्षराअक्षरांत अंतर सोडले होते. रोमन लिपीला ते शोभते. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि ‘रत्नागिरी’ वादळात कौले उडालेल्या पडवीसारखी दिसू लागते. शिवाय ओळी इतक्या दाटीने, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळत होता. हे दोन्ही सुधारता आले. वजनाचे मात्र काही करता आले नाही. ज्या पानावर याचा एकही ब्लॉक नाही तिथेही हे आपले सामान उतरवून ठेवी, आणि मोबाइलवर भावाचा तक्ता उघडायला त्यामुळे उशीर लागे.

आता शेवटची आणि माझ्या मते खरी परीक्षा. मी ते प्लगइन बंद केले.

येथे थोडे समजावून सांगायला हवे. ब्लॉक दोन जातींचे असतात. एक जात आपला मजकूर तयार स्वरूपात पानातच लिहून ठेवते. कर्ता निघून गेला तरी मजकूर जागेवर राहतो, फार तर रंग आणि चौकट जाते. दुसरी जात पानात केवळ एक टिपण ठेवते, आणि वाचक आला की त्या टिपणावरून मजकूर त्या क्षणी रांधून वाढते. ही जात वाईट नव्हे. ‘ताजे लेख’ दाखवायचे तर रोजच्या रोज रांधलेच पाहिजे. पण आचारी गेला की ताट रिकामे.

मागणीच्या पानावरची सूचनेची चौकट पहिल्या जातीची निघाली. रंग उडाला, अक्षर न् अक्षर राहिले. कालपट्टी दुसऱ्या जातीची. अण्णांच्या वहीचे पान वाचकाला कोरे. एडिटरमध्ये एक निरोप, की या ब्लॉकची सोय या संकेतस्थळावर नाही, तसाच ठेवा किंवा काढून टाका. कोडच्या बाजूने उघडले तेव्हा मजकूर महिरपी कंसांत कोंबलेला सापडला खरा, पण तो ओळखायला माहीतगार माणूस हवा. प्लगइन पुन्हा चालू करताच पान होते तसे उभे राहिले, हेही सांगितले पाहिजे.

भाची हिरमुसली. “पण आत्ता तर चालतंय ना? कर्ता चांगला आहे असं तूच म्हणालास!”

तिचे म्हणणे वावगे नव्हते. साधी पाने कोण वाचतो, हाही तिचा मुद्दा होताच. परंतु चांगली माणसेही नोकरी बदलतात, कंटाळतात. सुरक्षिततेचा दोष निघाला म्हणून वर्डप्रेसच्या यादीतून प्लगइन बंद केल्याचे प्रकारही होतात.

अण्णा इतका वेळ सुपारी कातरीत ऐकत होते. त्यांनी विचारले, “म्हणजे कलम आपलं आणि आंबे त्यांचे?”

मी म्हटले, “आंबेही आपलेच, अण्णा. कोठीची किल्ली त्यांच्याकडे.”

शेवटी प्लगइन ठेवलेच नाही. एका चौकटीसाठी वीस जण पोसायचे कशाला? साल हा मथळा, खाली साधे परिच्छेद, आणि मोहोर, पाऊस व पहिली पेटी यांचा तक्ता, हे सगळे घरच्या ब्लॉकांत बसवले. कर्त्याला मी पत्र धाडले, की बाबा रे, कालपट्टीचा मजकूर पानातच लिहून ठेवण्याची सोय कर. दोन दिवसांत उत्तर आले, सूचना विचारात घेतो म्हणून. आंब्याचा हंगाम संपला की मी पुन्हा पाहीन.

भाचीने साऱ्या संकेतस्थळाची निर्यात करून ती फाइल दोन ठिकाणी ठेवली आणि वहीची छापील प्रतही काढली, मोठ्या टायपात. अण्णा ती भिंग घेऊन तपासतात. परवा त्यांनी पावसाची एक तारीख चुकलेली काढली.