पडद्यावरचा टोळ आणि घरातली मण्यार



गणपती उठून चार दिवस झाले होते. भिवंडी तालुक्यात या सुमारास हळवं भात निसवून गेलेलं असतं आणि गरव्याची निसवण्याची तयारी चाललेली असते. दिवसभर खाचरांतून तुडतुडे बघत हिंडलो आणि संध्याकाळी घरी आलो, तर धाकट्या चुलत भावाचा सातवीतला मुलगा पडवीत मोबाईलवर जुना काळा-पांढरा इंग्रजी सिनेमा बघत बसलेला. मोटारीपेक्षा मोठाले टोळ शिकागो शहरात शिरत होते आणि माणसं ओरडत पळत होती. मीही चहाचा कप घेऊन शेजारी बसलो. खरं सांगतो, असले सिनेमे मला अजून आवडतात. थोड्या पैशांत केलेली भुतं, राक्षस आणि अवाढव्य किडे बघण्यात एक वेगळीच गंमत असते.

पण पोराने विचारलं, "काका, यात भाजीपाल्याला अणूचे किरण दिले, तो पाला टोळांनी खाल्ला आणि ते एवढे वाढले. तुम्ही आणलेलं भुईमुगाचं बियाणंपण किरणं दिलेलंच ना?"

तांदूळ पाखडणारी त्याची आई सूप खाली ठेवून म्हणाली, "दादा, खरं का हो हे? मग नको आपल्याला ते बियाणं. पोराबाळांचं घर आहे."

भातानंतर त्याच वाफ्यांत लावायचा तो ट्रॉम्बेचा भुईमूग. दोन वर्षं मागे लागून मी भावाला त्यासाठी तयार केलं होतं. पंचाऐंशी मिनिटांसुद्धा न चालणाऱ्या एका सिनेमापुढे माझी दोन वर्षं पाण्यात जायची वेळ आली!

सिनेमाचं नाव 'बिगिनिंग ऑफ द एंड'. तो १९५७ सालचा, आणि त्याचा नायक आपल्याच बिरादरीतला, म्हणजे अमेरिकेच्या शेतीखात्याचा कीटकशास्त्रज्ञ आहे. दिग्दर्शक बर्ट गॉर्डन. लहान वस्तू स्वस्तात मोठी करून दाखवण्यात या माणसाचा हातखंडा. यात तर त्याने शिकागोच्या इमारतींचे फोटो मांडले आणि त्यांवर साधे नाकतोडे सोडले. मी पोराला म्हटलं, "जरा मागे घे आणि आता त्या टोळाचे पाय बघ." एक टोळ इमारतीची भिंत सोडून सरळ आभाळावर चालायला लागला. फोटोतलं आभाळ ते! पोरगं पोट धरून हसलं. त्याची आईही वाकून बघायला आली.

मग दोघांना समजावलं. किड्याला आपल्यासारखी फुप्फुसं नसतात. अंगाच्या बाजूंना बारीक छिद्रं असतात, त्यांतून नळ्यांवाटे हवा आत जाते. टोळ मोटारीएवढा झाला तर ती हवा आतपर्यंत पोचणारच नाही. शिवाय लांबी, रुंदी, उंची दुप्पट झाली की वजन आठपट होतं, पण पायांची ताकद फार तर चौपट वाढते. असा टोळ चालायच्या आधीच बसकण मारील.

आता बियाण्याचं. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात बियाण्याला मोजून किरण देतात, तेव्हा त्यातून उगवणाऱ्या रोपांत वेगवेगळे बदल होतात. बहुतेक रोपं टाकून द्यावी लागतात. चांगली तेवढी निवडायची, पुन्हा लावायची, पुन्हा पारखायची, असं वर्षानुवर्षं केल्यावर टीएजी-२४ सारखा वाण शेतकऱ्याच्या हाती येतो. आपल्या पिशवीतलं बी हे त्या झाडांच्या कितीतरी पिढ्यांनंतरचं. त्यात किरण साठून राहत नाहीत. लासलगावला २००२ पासून कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून किरण देण्याची सोय आहे. तो कांदाही काही किरण बाहेर टाकत नाही.

सिनेमा एका बाबतीत मात्र उलटं शिकवतो. वस्तू मोठी झाली की धोका, असं आपल्याला वाटायला लागतं. मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा, नागपूरकडच्या शेतकऱ्यांनी खरी टोळधाड पाहिली. त्यातला एकेक टोळ जेमतेम दोन ग्रॅमचा, पण रोज स्वतःच्या वजनाइतकं खाणारा. एक चौरस किलोमीटरची धाड दिवसाला ३५ हजार माणसांइतकं अन्न फस्त करते, असा जागतिक अन्न व शेती संघटनेचा हिशोब आहे. आपला तपकिरी तुडतुडा तर तांदळाच्या दाण्याहूनही लहान. चुडाच्या बुडाशी बसून रस शोषतो आणि खाचराच्या मधोमध करपलेलं गोल चकंदळ पाडतो. बांधावरून तो दिसत नाही. खाली वाकून चूड फाकवूनच बघावं लागतं.

हे लहानाचं भय मी ज्या घरात शिकलो, त्याच घरातल्या पडवीत आम्ही बसलो होतो. आता ते सांगतो.

१९८५ चा गणेशोत्सव. मी दहावीत होतो. गावाने वर्गणी काढून भिवंडीहून टीव्ही आणि व्हिडिओ भाड्याने आणला आणि रात्री 'पुराना मंदिर' लावला. रामसे बंधूंचा हा सिनेमा १९८४ चा. सात भावांचं ते कुटुंब. कोणी दिग्दर्शन करी, कोणी कॅमेरा धरी, कोणी आवाजाचं बघे. अगदी आपल्या एकत्र शेतीसारखं! त्यांचा १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' तर सगळं कुटुंब महाबळेश्वरला मुक्काम ठोकून उरकून आलं होतं. 'पुराना मंदिर'मधला सामरी सैतान पाहून आम्हा पोरांची बोबडी वळली. तो राक्षस झालेला उंचापुरा नट शिक्षणाने इंजिनीयर होता, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं.

माझी आठ वर्षांची चुलत बहीण माझ्या मांडीवर बसून तो सिनेमा पाहत होती. पुढे आठवडाभर मी तिला "सामरी आला!" म्हणून भिववत असे.

अशाच एका पहाटे ती पोट दुखतं म्हणून उठली. रात्री पडवीत चटईवर झोपली होती. थोड्या वेळाने तिच्या पापण्या मिटायला लागल्या, बोलणं जड झालं. घरातल्या बायका म्हणाल्या, त्या सिनेमातलं काहीतरी हिच्या मनात बसलं, बाधा झाली. मलाही तेच वाटलं, कारण भिववणारा मीच होतो. भगत आला, अंगारा लावला, लिंबू उतरवलं. दुपार व्हायच्या आत तिचा श्वास थांबला. चटई उचलली तेव्हा कोपऱ्यातल्या गोणपाटाखाली करंगळीएवढी काळी मण्यार निघाली. अंगावर पांढरे पट्टे.

मण्यारीचे दात बारीक. झोपेत चावली तर कळतही नाही. सूज नाही, फारशी आग नाही. सामरीची वाट बघत आम्ही चार तास घालवले, आणि खरं कारण चटईशेजारी वेटोळं करून बसलं होतं. ती असती तर आज या पोराची आत्या म्हणून त्याच्या शेजारी बसली असती.

म्हणून सिनेमा बघू नका असं मी म्हणणार नाही. मुलांना शेजारी घेऊन बघा, हसा, घाबरा, आणि मग हे कसं केलं असेल ते त्यांच्याकडूनच काढून घ्या. एकदा दोरा दिसला की भूत पळतं. पण पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका. खाटेवर झोपा, मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचा, रात्री बॅटरीशिवाय पाय टाकू नका. पहाटे कोणाचं पोट दुखून पापण्या जड झाल्या, तर जखम दिसो वा न दिसो, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांच्या विषावर चालणारी लस असते. कापू नका, घट्ट बांधू नका, भगताची वाट बघू नका.

भुईमुगाची पिशवी घरात राहिली. पोराने दुसऱ्या दिवशी सकाळी चूड फाकवून स्वतः सतरा तुडतुडे मोजले.

पुढच्या अंकात भातानंतरच्या भुईमुगाची बीजप्रक्रिया आणि लागवड.